चौकीवरचा फळा

(मुंबईतील सफाई कामगारांच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही पहाटे उठता. साडेसहाला चौकीवर हजेरी लावता. दुपारपर्यंत रस्ता झाडता, गाडी भरता, गटार उपसता. मग घरी जाऊन पाणी भरता, स्वयंपाक करता, पोरांचे पाहता. एवढे करून संध्याकाळी पाटी-पुस्तक घेऊन इथे येऊन बसता. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. कामाचे तेवढेच बोलणार.

आज बोलायचे आहे ते तुमच्या चौकीवरच्या फळ्याविषयी.

फळा सगळ्यांनी पाहिला आहे. भिंतीला टांगलेला असतो. त्यावर टाचणीने लावलेले कागद. काही नवे, काही पिवळे पडलेले, एखाद्यावर चहाचा डाग. येता-जाता आपण त्याच्याकडे बघतो आणि पुढे जातो. काय लिहिले आहे, असे कोणी विचारले तर म्हणतो, “मुकादम सांगेल.” मुकादम सांगतोही. पण त्याला महत्त्वाचे वाटते तेवढेच सांगतो. कधी घाईत असतो, कधी विसरतो. आणि खरे सांगायचे तर एखादा कागद कामगारांनी वाचूच नये, असेही कोणाला वाटत असते.

त्या फळ्यावर काय काय येते? बदलीचा हुकूम येतो. रजेचा नियम येतो. दवाखान्यात तपासणी कोणत्या दिवशी आहे ते येते. गमबूट आले आहेत, सही करून घेऊन जा, असे येते. पावसाळ्याच्या तोंडावर तापाची सूचना येते. पगाराचा कागद लागला की दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डाला ठाऊक होते. तापाचा कागद मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच लटकतो. त्या दुसऱ्या कागदाचे आज बोलू.

त्याआधी एक जुनी गोष्ट थोडक्यात सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक गाठोडी बांधून गावी पळाले. गोदीत माणूस मिळेना, गिरणीत माणूस मिळेना. तेव्हाच्या म्युनिसिपालिटीला सगळ्यात मोठी धास्ती कशाची होती? शहराचा मैला उचलणारे हलालखोर निघून गेले तर काय करायचे, याची. साहेब लोकांना त्या दिवसांत कळून चुकले की हे शहर कोणाच्या हातावर उभे आहे. पुढे २०२० साली करोना आला. सगळे शहर दार लावून घरात बसले आणि तुम्ही झाडू घेऊन बाहेर होता. तुमच्यातली काही माणसे त्या साथीत गेली. त्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत, मी सांगायला नको. शहराची काळजी तुम्ही पुष्कळ घेतली. आता स्वतःच्या अंगाकडे बघू.

सगळ्यात आधी मॅनहोल. कारण बाकीचे आजार माणसाला महिने देतात, वर्षे देतात. मॅनहोल कधी कधी दोन मिनिटेही देत नाही.

गटारात मैला साचतो आणि कुजतो. झाकण बंद, हवा खेळत नाही. तिथे विषारी वायू तयार होतात. त्यातल्या एकाचे नाव हायड्रोजन सल्फाइड. नाव अवघड आहे, पण तो तुमच्या ओळखीचा आहे. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच हा. आता नीट ऐका. हा वायू थोडा असतो तेव्हा वास येतो. तो जास्त झाला की आपले नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वर उभा असलेला म्हणतो, “आता वास गेला, उतर.” पण वायू गेलेला नसतो, नाक गेलेले असते. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, म्हणून तळाशी बसतो. वरून डोकावणाऱ्याला काही होत नाही आणि खाली वाकणाऱ्याचा जीव जातो, तो यामुळे.

दुसरा वायू मिथेन. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो पेटतो. काडी ओढून, कागद पेटवून आत सोडायची जुनी रीत आहे. ज्योत राहिली तर हवा ठीक, विझली तर खराब. ही रीत सोडा. मिथेन असला तर भडका उडेल आणि तोंड भाजेल. काही जुनी माणसे झुरळे बघतात. झाकण काढल्यावर झुरळे पळाली म्हणजे आत हवा आहे, असा त्यांचा हिशेब. झुरळ फार चिवट जात आहे, बाबांनो. ते जगते तिथे माणूस जगेलच असे नाही. वायू मोजायचे यंत्र असते. हातात मावेल एवढे, दोरीने आत सोडायचे. ते लाल दिवा लावून शिटी वाजवते. आतली हवा सांगण्याचा खरा अधिकार त्या यंत्राला. नाकाला नाही, झुरळाला नाही, मुकादमालाही नाही.

आता सर्वांत वाईट भाग. वर्तमानपत्रात बातमी येते ती बहुधा एका माणसाची नसते. दोघे गेले, तिघे गेले, अशी येते. असे का होते? पहिला उतरतो आणि पडतो. वरचा दुसरा म्हणतो, माझा भाऊ आहे, माझा गाववाला आहे, आणि त्याच्यामागे उडी टाकतो. खाली तोच वायू. तोही पडतो. मग तिसरा. हे धैर्य खोटे नाही. असे धैर्य मोठमोठ्या माणसांत सापडत नाही. पण त्याने पहिला वाचत नाही आणि दोन घरे आणखी बसतात.

मग करायचे काय? खाली उतरायचे नाही. पडलेल्याच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढायचे. शेजारचीही झाकणे उघडायची, म्हणजे हवा खेळेल. विडी-सिगारेट विझवायची. आणि ताबडतोब अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. त्यांच्याकडे पाठीला बांधायचे हवेचे नळकांडे असते. ते लावूनच त्यांचा माणूस आत जातो. नाकातोंडाला फडके बांधून वायू अडत नाही. ओले फडकेही अडवत नाही.

याबाबत कायदा काय सांगतो? २०१३ साली केंद्र सरकारने हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा कायदा केला. त्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्राने होण्यासारखे काम माणसाकडून करून घ्यायचे नाही. अगदीच अडले तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी आणि तिच्यात कारण लिहिलेले हवे. तोंडी हुकमाने कोणी उतरायचे नाही.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, कायदा कागदावर. समोर साहेब उभा आहे. नाही म्हटले तर उद्या खाडा लावेल, परवा बदली करेल.” तुमचे बरोबर आहे. एकट्या माणसाने नाही म्हणणे फार कठीण. म्हणून एकट्याने म्हणूच नका. टोळीत पाच जण असाल तर पाचांनी एकदम विचारायचे. भांडायचे नाही, फक्त विचारायचे. “साहेब, मीटर कुठे आहे? पट्टा कुठे आहे? परवानगीचा कागद दाखवा, आम्ही वाचतो.” कामगार कागद वाचतो म्हटल्यावर सांगणाऱ्याचा सूर बदलतो. मी हे पुष्कळदा पाहिले आहे.

आणखी एक बोलतो. रागावू नका. ड्यूटी सुटल्यावर एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी गाठतो. म्हणतो, “आमची टाकी भरली आहे, हजार रुपये देतो, अर्ध्या तासाचे काम.” घरात लग्न असते, शाळेची फी असते. माणूस जातो. तिथे मीटर नाही, दोर नाही, वर उभे राहायला ओळखीचे माणूस नाही. कायदा सोसायटीलाही लागू आहे, पण त्या वेळी टाकीपाशी कायदा कोण आणणार? त्या सेक्रेटरीला सांगा, टाकी उपसणारी गाडी बोलव. गाडीचे भाडे परवडते का नाही, हा त्याचा प्रश्न.

गटारात माणूस मेला तर घरच्यांना काय मिळते, तेही ऐका. ही बातमी अनेक घरांत पोहोचलेली नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की १९९३ सालापासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. माणूस जगला पण कायमचा निकामी झाला, तर २० लाखांहून कमी नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरीही. तो ‘आमचा नाही’ असे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

मॅनहोलचे एवढे पुरे. आता रस्त्यावरच्या पाण्याकडे येतो.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईत कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरले, लोक म्हणाले सुटलो. मग तापाची साथ आली. हा लेप्टो. उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात उतरतात. पायाला कुठे चीर असेल, टाच फुटली असेल, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, तर तिथून ते अंगात शिरतात. पाणी घोटाभर असले तरी पुरते.

ताप लगेच येत नाही. बहुधा आठवडा-दीड आठवड्याने येतो. तोपर्यंत आपण ते पाणी विसरलेलो असतो. थंडी वाजून ताप, डोके ठणकते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. पुढे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते. तिथपर्यंत गेले तर मूत्रपिंड धोक्यात आले म्हणून समजा. या तापावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे तुंबलेल्या पाण्यात काम केल्यापासून ७२ तासांच्या आत दवाखान्यात गेलात, तर ताप येण्याआधीच गोळ्या मिळतात. पालिकेच्या दवाखान्यात त्या फुकट आहेत. मात्र शेजारणीच्या गोळ्या मागून घेऊ नका. गरोदर बाईला वेगळे औषध देतात, लहान मुलाला वेगळे. डॉक्टरला एकच वाक्य सांगा, “मी सफाईचे काम करतो, पाण्यात उभा होतो.” हे वाक्य सांगितले नाही तर डॉक्टर साधा ताप समजून क्रोसिन देईल. त्याचा तरी काय दोष?

गमबुटांचे म्हणाल, तर मला तुमची तक्रार ठाऊक आहे. सात नंबरच्या पायाला नऊ नंबरचा बूट. आत पाणी शिरते आणि पाय दिवसभर भिजत राहतो. बायकांच्या मापाचे तर बघायलाच नको. हातमोजे असे की झाडूची मूठ धरवत नाही. साहेब म्हणतात, कामगार साधने वापरत नाहीत. अहो, न बसणारी वस्तू कोण वापरील? पण तक्रार चौकीबाहेर चहा पिताना केली तर ती चहाबरोबर संपते. पुढच्या वेळी बूट घेताना सहीच्या रकान्याशेजारी आपल्या हाताने लिहा, “माप मोठे आहे.” तीन शब्द. सगळ्यांनी लिहिले की खाते मापे मागवील.

मोजे का हवेत, ते दवाखान्याच्या कचऱ्यावरून सांगतो. सुया वेगळ्या टाकायच्या, असा नियम आहे. पण लहानसहान दवाखाने आणि घरी इन्सुलिन घेणारी माणसे सुया सरळ कचऱ्यात टाकतात. पिशवी उचलताना सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालून चोखू नका. नळाखाली धरा, साबणाने धुवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. एचआयव्ही लागू नये म्हणून तिथे गोळ्या देतात. त्या लवकरात लवकर सुरू व्हाव्या लागतात. ७२ तास उलटले तर उपयोग नाही. दुसरी भीती कावीळ ब ची. तिची लस आहे. तीन टोचण्या, सहा महिन्यांत पुऱ्या होतात. धनुर्वाताची टोचणीही दर दहा वर्षांनी हवी. तुमच्यातल्या किती जणांनी घेतली आहे? हात वर करू नका, मनातच मोजा.

आता खोकला. हा विषय नाजूक आहे, म्हणून जरा सावकाश बोलतो.

झाडताना धूळ उडते आणि छातीत जाते. वर्षानुवर्षे गेली की दम लागतो. पदर किंवा रुमाल बांधला तर जाड धूळ अडते, बारीक अडत नाही, म्हणून चांगला मास्क मागून घ्या. शक्य असेल तिथे आधी पाणी शिंपडा. लांब दांड्याचा झाडू मागा. त्याने कंबरही वाचते आणि तोंड धुळीपासून लांब राहते. आता क्षयाचे ऐका. क्षय धुळीतून होत नाही. तो माणसाकडून माणसाला होतो, खोकल्यातून. पण धुळीने पोखरलेल्या छातीत तो लवकर घर करतो. आणि आपण राहतो कसे? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे. एकाला झाला की बाकीच्यांची तपासणी करावीच लागते.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी कणकण वाटू लागली, वजन उतरले, की बेडका तपासून घ्या. पैसे पडत नाहीत. क्षय निघाला तर औषधही फुकट. शिवाय औषध चालू असेपर्यंत पोटाला नीट खाता यावे म्हणून सरकार बँकेच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये जमा करते. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते ५०० होते. साधा क्षय असला तर औषध बहुधा सहा महिने. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी होते, घाबरू नका, ते औषधाचे पाणी आहे.

घात होतो तो दोन महिन्यांनी. ताप गेलेला असतो, अंगावर मांस चढलेले असते. माणूस म्हणतो, बरा झालो, आता कशाला गोळ्या? आणि सोडतो. जंतू अर्धमेले असतात, ते पुन्हा उठतात. आणि आता त्यांना त्या गोळ्यांची सवय झालेली असते. मग जी औषधे घ्यावी लागतात ती कडक असतात.

पण गोळ्या सोडणारा निदान दवाखान्यापर्यंत गेलेला असतो. जो जातच नाही त्याचे काय? तो आजार अंगावर काढतो. का काढतो हे मला माहीत आहे. राहते घर खात्याचे. नोकरी गेली की घर गेले. क्षय आहे असे कळले तर कामावरून काढतील, वसाहतीत लोक भांडी वेगळी करतील, पोरीचे लग्न अडेल. म्हणून माणूस खोकला दाबतो. हजेरी चुकवत नाही. आणि एक दिवस झाडूसकट रस्त्यावर बसतो. मग घरची बाई वारसा हक्काचा अर्ज घेऊन खात्याच्या पायऱ्या चढते आणि नवऱ्याचाच झाडू तिच्या हातात येतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे ही सोय झाली. सोय चांगली आहे, तिने हजारो चुली पेटत्या ठेवल्या. पण ती लवकर वापरायची पाळी का यावी? औषध नियमित घेतले तर काही आठवड्यांत बहुतेक माणसांकडून लागण पसरायची थांबते. भांडी वेगळी करायचे तर कारणच नाही. क्षय भांड्यातून होत नाही.

दारूविषयी मी प्रवचन देणार नाही. तुम्हाला प्रवचने देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या एकानेही कधी घाणीत हात घातलेला नाही. त्या वासात सकाळी उतरायचे तर शुद्धीत कसे उतरायचे, असे मला एकाने विचारले होते. त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. मी फक्त दोन गोष्टी सांगतो. घेतलेल्या माणसाला वायू चढायला लागलेला कळत नाही, कारण चक्कर दारूची की वायूची हे उमजत नाही. आणि क्षयाच्या गोळ्या यकृतावर ताण आणतात, दारूही आणते. दोन्ही एकदम घेतले तर कावीळ होऊन गोळ्या बंद कराव्या लागतात. सोडायची इच्छा असेल तर एकदम एकट्याने सोडू नका. रोज घेणाऱ्याने अचानक बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

भगिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. सकाळी निघताना तुम्ही पाणी पीत नाही. कारण बीटवर कुठे जायची सोय नाही. मग दुपारपर्यंत उन्हात कोरड्या तोंडाने काम. लघवीला जळजळ, पोटात कळ, पुढे मूत्रपिंडाला सूज. हा आजार तुमचा नाही, सोय नसल्याचा आहे. जवळचे सार्वजनिक शौचालय, पालिकेची शाळा, दवाखाना, कुठेही जाण्याचा तुम्हाला संकोच नको. जो रस्ता तुम्ही झाडता, त्या रस्त्यावर तुम्हाला दार बंद असणे ही लाजेची गोष्ट आहे, पण लाज तुमची नाही. पाणी प्या. चौकीवर पाण्याची आणि जाण्याची सोय नसेल तर चारचौघींनी मिळून लेखी मागा.

रक्तदाब आणि साखर यांचे थोडक्यात सांगतो. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तपासा. दुखत नाही म्हणून नाही असे समजू नका. तपासणीच्या शिबिराचा कागद फळ्यावरच लागतो.

शेवटी लिहिण्याचे. तुम्ही इथे बाराखडी शिकता ती कशासाठी, याचे एक खरे उदाहरण देतो. मुंबईत वर्षानुवर्षे ठेक्यावर राबणाऱ्या २,७०० सफाई कामगारांना कायम करा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. संघटनेने किती वर्षे लढून तो मिळवला. आणि निकालानंतर काही कामगारांचे काम कशावर अडावे? नावाच्या अक्षरांवर. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे. कुठे बापाचे नाव चुकलेले, कुठे आडनावात एक अक्षर जास्त. माणूस समोर उभा, पण कागद म्हणतो हा तो नव्हे. त्यांनी कामात कसूर केली नव्हती. नाव लिहून घेणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले होते, आणि ते वाचून ‘चुकले’ म्हणणारे कोणी नव्हते. म्हणून पगाराची चिठ्ठी हातात आली की आधी आकडा बघू नका. नाव बघा.

तसेच अपघाताचे. पायात काच गेली, सुई टोचली, गाडीवरून पडलो, तर आपण काय करतो? हळद दाबतो आणि पुढे चालतो. सहा महिन्यांनी पाय सुजला की म्हणतो, कामावर लागले होते. खाते विचारते, नोंद कुठे आहे? नोंद त्याच दिवशी करायची. अर्ज एका पानाचा पुरे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर, कशाजवळ. कोणते काम चालू होते, कोणी सांगितले होते. काय लागले, कुठे लागले. कोणी पाहिले. साधने दिली होती की नव्हती. कोणत्या रुग्णालयात गेलात. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक खात्यात द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच दिली नाही तर उठायचे नाही, तिथेच बसायचे. ती प्रत ट्रंकेत, रेशन कार्डाबरोबर.

आजचा धडा हाच आहे. पाट्या काढा. वरच्या कोपऱ्यात आजची तारीख घाला. तिच्याखाली आपले नाव लिहा, हजेरीपटावर आहे तसे. मग आधार कार्डावरचे नाव त्याच्याशी अक्षराला अक्षर लावून बघा. ज्यांचे जुळत नाही, त्यांनी पाटी घेऊन माझ्याकडे या.